वंदीच्या पेटीतला साठ वॉट

राळेगाव. मंगळवार, दिवेलागणीनंतर.

घराचा मेन बोर्ड, दोन कूलर, मायच्या शिलाई मशीनची मोटर, अन् बायको वंदीसाठी, तिच्या कोंबडीच्या पिलांना ऊब द्यायला, बल्बची पेटी. सगळं माझ्या हातचं, कोणापाशी शिकलो नाही. पेटी तेवढी उद्या जाणार, गिऱ्हाईक ठरलं.

आज बोर्ड तपासताना घरातली सगळी बटनं बंद केली, तरी तारेत ०.२६ अँपिअर. व्होल्टेज २३०. गुणाकार केला, साठ वॉट. भागाकार केला, आठशे पंच्याऐंशी ओहम. म्हणजे जुना तारेचा बल्ब. बाकी घरभर एलईडी मीच लावले. तसला बल्ब एकच उरला, वंदीच्या पेटीत. तिची वायर मी थेट बोर्डावरून नेली होती. पण पेटी रिकामी आहे. वंदीला जाऊन वर्ष होत आलं. पुन्हा मोजलं. ०.२६. सांजेला तीच तर लावायची. पेटी मागच्या खोलीत, तिकडे पाय उचलेना.

दार लोटलं. पिवळा उजेड, अन् पेटीपाशी माय.

"काहून लावला वं माय?"

"वंदी रोज लावे. ते गेल्यापासून मी लावून राह्यली. येवढा मोजमापवाला तू, वर्षभर उजेड नाही दिसला तुले?"

मायच होती, हे कळलं. मग जीव हलका का नाही झाला? क्षणभर मला दुसरंच कोणी हवं होतं का? पेटीवर हात ठेवला. लाकूड कोमट होतं, तेव्हा असायचं तसंच.

बल्ब चालूच ठेवला. कोंबडीवाल्याला फोन करून पेटी देत नाही म्हटलं. दोन हजार देत होता.