तुला मितभाषी म्हणाले, वहिनी!

प्रिय वहिनी,

तू लग्न होऊन आलीस तेव्हा आईनं मला बजावलं होतं, वहिनीला 'तुम्ही' म्हणायचं. कसंबसं दोन दिवस टिकलं ते. मग कंगव्यावरून आपलं भांडण झालं आणि तू माझी 'तू' झालीस. म्हणून हे पत्रही 'तू'नंच लिहिते. आधीच सांगून ठेवते, रडायला बसले नाही. रडून झालं. मी भांडायला बसले आहे, आणि माझ्याशी धड भांडणारी एकच बाई होती, ती तू.

काल आष्टीचा बाजार होता. तुझ्या ओसरीवर काल जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय आज मला ऑफिसात बसवेना. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि जालन्याच्या घरी येऊन कागद पुढ्यात घेतला. पण कालचं नंतर. आधी त्या शोकसभेचं ऐक, कारण माझं डोकं तिथूनच फिरलं आहे.

शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. तुझ्या फोटोला हार, पुढे उदबत्ती, सतरंजीवर बायका आणि खुर्च्यांवर पुरुष. रिटायर झालेले मोठे गुरुजी उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "वहिनीसाहेब अत्यंत मितभाषी होत्या. पतीच्या सावलीसारख्या वावरल्या. त्यांचा आवाज कधी उंबऱ्याबाहेर ऐकू आला नाही."

मितभाषी! तू! अगं, दुधात पाणी जास्त झालं की तुला चुकवायला दूधवाला गल्लीच्या तोंडाशीच सायकल वळवायचा! माझ्या शेजारी तुझी शेजारीण गयाबाई बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. बघते तर ती हसून हसून हलत होती.

आणि त्या एवढ्या भाषणांत तुझ्या ब्लॉगबद्दल एक शब्द नाही. एक! अमेरिकेपासून दुबईपर्यंत माणसं जिला 'आष्टीची वहिनी' म्हणून ओळखतात, तिच्याबद्दल गुरुजी बोलले काय, तर ती सुगरण होती आणि उपासतापास करायची. उपास तू एक चतुर्थीचा करायचीस, तोही साबुदाण्याच्या खिचडीसाठी.

तुला आठवतं, ब्लॉगचं खूळ तुझ्या डोक्यात मीच घातलं? पेपरच्या रविवारच्या पुरवणीत वाचलं होतं की फुकटात स्वतःचं पान उघडता येतं आणि जगात कुणालाही वाचता येतं. तू म्हणालीस, "कुणालाबी? मंग मी लिहिते." मुलं शिकायला बाहेर गेली होती, घर खायला उठत होतं तुला. परतूरच्या नेट कॅफेत आपण दोघी गेलो. इंग्रजी अक्षरं दाबली की पडद्यावर मराठी उमटतं हे पाहून तू एवढ्या मोठ्यानं "अय्या!" ओरडलीस की पलीकडचा माणूस दचकून उभा राहिला.

आणि मग काय लिहिलंस? 'पर्यावरणाचे महत्त्व'. 'संस्कारांची शिदोरी'. 'वेळ हेच धन'. शाळेत निबंधाला बक्षीस मिळालेली बाई ना तू! वाचक एकच, मी, आणि मीसुद्धा नणंदेचं कर्तव्य म्हणून वाचायची. तू फोन करून विचारायचीस, "कोणी आलं का गं?" कोण येणार वहिनी? पर्यावरण वाचायला?

मग संक्रांतीला तू ते अचाट काम केलंस. हळदीकुंकवाला सगळ्या बायकांना वाण म्हणून ब्लॉगचा पत्ता लिहिलेल्या चिठ्ठ्या वाटल्यास! तिळगुळाबरोबर चिठ्ठी, आणि वर आग्रह, "माझ्या ब्लॉगवर नक्की या बरं का." पुढच्या बाजाराच्या दिवशी पिशव्या घेऊन साऱ्या जणी तुझ्या दारात हजर. गयाबाई सगळ्यांत पुढे. "तू पत्ता देल्ता म्हून आलो. दाखव, काय दाखवतीस ते."

वीज गेलेली, घरात कॉम्प्युटर नाही आणि ओसरीवर अख्खी गल्ली! तू चहा ठेवलास आणि तोंडपाठ असलेला 'संस्कारांची शिदोरी' हा निबंध म्हणून दाखवलास. बायकांनी ऐकून घेतलं. मग गयाबाई म्हणाली, "चांगलं हाय. पण हे कोण बोलून राह्यलं? तू तर अशी बोलत न्हाईस."

तू मला फोनवर हे सांगितलंस तेव्हा तुझा आवाज पडला होता. मी म्हटलं, मग जे झालं तेच लिही ना. बायका ब्लॉग बघायला घरी आल्या तेच. तू लिहिलंस, जशी बोलतेस तसंच. आणि त्याच्याखाली पहिल्यांदा अनोळखी माणसाचं नाव आलं. विद्या. मूळची मंठ्याची, आता अमेरिकेत. तिनं लिहिलं होतं, "वहिनी, तुमची गयाबाई म्हणजे आमची मावशीच. माझे वरणफळं एकमेकाला चिकटतात, तेवढं तिला विचारून सांगा."

त्या दिवशी तू बाजारातून पेढे आणलेस, आठवतं?

तिथून तुझा शिरस्ता पडला. बाजाराच्या आदल्या दिवशी परतूरला जायचं, नवं लिहायचं आणि आलेल्या चिठ्ठ्या छापून आणायच्या. कॉमेंट हा शब्द बायकांना कधी रुचलाच नाही, चिठ्ठ्याच म्हणायच्या त्या. बाजाराच्या दिवशी ओसरीवर त्यांचं वाचन. कुणी काही विचारलं असेल तर बायका उत्तर सांगणार, तू ते पुढच्या खेपेला लिहिणार. कुणालाही तू कोरडं 'धन्यवाद' म्हटलं नाहीस. आधी विचारायचीस, कोण्या गावचे? माहेर कुठलं? आमच्या टेंभुर्णीच्या मावशीच्या गल्लीतले तर नाही ना? दारात आलेल्याला पाणी न विचारता कसं पाठवायचं, म्हणायचीस. म्हणून तर एकदा आलेला माणूस पुन्हा पुन्हा येत गेला. आणि प्रत्येक वेळी शेवटची ओळ ठरलेली: "येते. तुम्हीबी या."

सगळे आले. एक सोडून.

मला माहीत आहे तुला ते किती लागायचं. चहा उकळताना एकदा म्हणाली होतीस, "एवढे लोकं वाचून राह्यले सुमन, पण घरातला एक वाचत न्हाई." घरातला एक म्हणजे तुझा नवरा, माझा सख्खा भाऊ. दुकानावरून यायचा, आतल्या खोलीत खुर्चीवर बसायचा आणि पेपर तोंडासमोर धरायचा. बाहेर बायका हसून लोळायच्या, आत पेपर. तू विचारलंस, "वाचून दाखवू का?" तर म्हणे, "बियाण्याचा हंगाम हाय, मला कुठं वेळ."

माझा तुझ्यावरही राग आहे, तोही ऐकून घे. छातीत जळजळ होते, ओवा खाऊन बरं वाटतं, असं तू ब्लॉगवर गंमत करून लिहिलंस. विद्यानं तिकडून लिहिलं की डॉक्टरला दाखवा. पुण्याहून एकानं लिहिलं की आजच दाखवा. आणि मला फोनवर काय सांगितलंस? "झकास हाय मी!" जगाला सांगितलंस आणि मला नाही? ऑफिसच्या गडबडीत राहून गेलेलं ते मी वाचलं तेव्हा हार्ट अटॅकनं तू गेलेली होतीस. जालन्यात दवाखान्यांची काय कमी होती का? फरफटत नेलं असतं तुला. यावर तुझ्याकडे काय उत्तर आहे?

तर, सभेनंतर दादाचा फोन आला. "सुमे, ते तिचं इंटरनेटवालं बंद करून टाक." मी म्हटलं, का? तर कुणीतरी तुझा पाहुण्यांवरचा लेख छापून त्याच्या दुकानात आणला होता. तोच, 'आमच्याकडे पाहुणे येत नाहीत, आणले जातात.' त्यात तू लिहिलंस, जेवायच्या वेळी हे कुणालाही धरून आणतात, "चार घास खाऊन जा" म्हणतात आणि मग स्वतःच्या दर्यादिलीवर खूश होऊन बसतात; चार घास कुठून येतात ते चुलीला विचारा. दादा म्हणाला, "गिऱ्हाईकं हसून राह्यले मला. घरातली गोष्ट बाहेर कशाला? गुरुजी म्हणत होते, चांगले चांगले लेख निवडून एक पुस्तिका काढू, शुद्ध भाषेत. बाकी पुसून टाक."

आणि गुरुजींनी निवडलेले चांगले लेख कोणते, सांगू? पर्यावरण, संस्कार आणि वेळ हेच धन! संताप संताप झाला माझा! जे काळं कुत्रं वाचत नव्हतं ते ठेवायचं आणि ज्यात तू आहेस ते पुसायचं! बाई जिवंत होती तोवर तिचं ऐकायला वेळ नव्हता, आणि मेल्यावर ती काय बोलली हे हेच ठरवणार? सावली म्हणे! सावलीला कधी कुणी चिठ्ठ्या लिहिल्या आहेत का?

पासवर्ड तू मला दिलेला होता. उघडलं, तर तुला आलेल्या चिठ्ठ्या वाट बघत होत्या. "वहिनी, बाजार झाला ना? या वेळी काही लिहिलं नाही?" "वहिनी, बऱ्या आहात ना?" त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं गं! गावाला कळवलं, सोयऱ्यांना कळवलं, ह्यांना कळवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मी लिहिलं, "आष्टीच्या वहिनी गेल्या. मी त्यांची नणंद." मग जी माणसं बोलायला लागली! सगळं छापून घेतलं आणि काल एसटीनं आष्टीला गेले. ठरवलंच होतं, हे कागद दादाच्या पुढ्यात ठेवीन आणि म्हणेन, आता पुस.

पोचले तर दारात वादच चालला होता. तू गेल्यावर बायका भेटायला आल्या होत्या, पण रिवाजाप्रमाणे. दुःखाच्या घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत. अशा कारणानं पुन्हा यायची वेळ नको, म्हणून न बोलता उठायचं आणि चपला घालून चालू पडायचं. तशाच गेल्या होत्या, आणि मग बाजार होऊन गेले तरी कुणी फिरकलं नव्हतं. काल मात्र पिशव्यांसकट साऱ्या जणी उभ्या. दादा उंबऱ्यात. "आता काय ऐकायला आल्या? जिचं ऐकायचं ती गेली."

"ती गेली, बराबर हाय," गयाबाई म्हणाली. "पण तिला आलेल्या चिठ्ठ्या तर मेल्या न्हाईत ना? लोकं इचारून राह्यले असतील. त्यांना जवाब कोण देणार? तुमी?"

दादा आत गेला. खुर्ची, पेपर. मी ओसरीवर बसले, तुझ्याच जागी, आणि वाचायला लागले. टेंभुर्णीचा एक जण आता पुण्यात नोकरीला आहे. त्यानं लिहिलं होतं, "माझी आई अशीच भांडायची. ती गेल्यापासून मी वहिनींचं भांडण वाचायला यायचो." तिथं माझा आवाज गेला. गयाबाईनं पाणी दिलं आणि म्हणाली, "रडकं बास कर. ती पाहुण्यांची वाच."

मी आत बघितलं. पेपर हलला नाही. म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते, आणि मोठ्यानं वाचलं. एकही ओळ सोडली नाही. 'चुलीला विचारा'ला बायका अशा हसल्या की रस्त्यावरचा भेळवाला वाकून बघायला लागला. हसणं संपलं आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आता हा ओरडणार, मी पदर खोचून तयारच होते.

दादा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला. आमच्याकडे न बघता खाली ठेवला. मग म्हणाला, "ती मंठ्याची. अमेरिकेतली. तिचे वरणफळं चिकटून राह्यले होते ना? जमले का मंग?"



वहिनी, तो ऐकत होता! दर बाजाराला! पेपर नुसता धरलेला असायचा गं, पान कधी उलटलेलं तू तरी पाहिलंस का? मला आनंद झाला असेल असं वाटतं तुला? छे! अंगाची आग झाली माझी. सगळ्यांसमोर म्हटलं, "दादा, तू ऐकत होतास? मंग एका शब्दानं तिला सांगता आलं न्हाई? ती वाट बघत गेली ना रे!"

त्यानं तांब्या उगाच सरळ करून ठेवला. "ऐकू येतच होतं," म्हणाला. "त्यात सांगायचं काय." आणि डोळे पुसायला आत गेला.

आता गुरुजी भेटले की त्यांना सांगणार आहे, तुमच्या सभेत शब्द बरोबर होता, माणूस चुकला. मितभाषी ती नव्हती, तिचा नवरा आहे. आणि तो काही गुण नाही.

मी निघाले तेव्हा दादा दारापर्यंत आला. ब्लॉग बंद कर म्हणाला नाही, राहू दे असंही म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, "पुढच्या बाजाराला येताना चहापत्ती घेऊन ये. ह्या बायकांनी संपवली." बायका उठल्या, चपला घातल्या. गयाबाई पायरीवर थांबली, तुझ्या रिकाम्या जागेकडे वळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "येते गं." पाठोपाठ सगळ्याच म्हणाल्या. दादानं ऐकलं, मी ऐकलं. कुणी कुणाला रिवाज शिकवला नाही.

तर वहिनी, शब्द देते. तुझ्या ब्लॉगची एक ओळ पुसली जाणार नाही, एक शब्द शुद्ध केला जाणार नाही. पुस्तिकेचं नाव काढलं तर गुरुजींची मी तुझ्याच भाषेत पूजा बांधीन. आलेल्या प्रत्येकाला गाव विचारीन. विद्याचे वरणफळं जमले, तिनं कळवलं आहे. ते पुढच्या बाजाराला वाचीन, मोठ्यानं, आतल्या खोलीत ऐकू जाईल असं.

चहापत्ती आजच आणून ठेवली आहे.

येते, वहिनी.

तुझी भांडकुदळ नणंद,
सुमन