नारळावर सुटणारी जोडी

नालवाडी,
जानेवारी १९५८

प्रिय सोनबा,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. गुडघा थंडीत कुरकुरतो, पण तो हिंगणघाटच्या शंकरपटात छकडा उलटला तेव्हापासूनचाच. तू मला चाकाखालून ओढून काढलंस आणि वर ‘पडाचं होतं तं मऊ जागा पाहून पडाचं’ म्हणालास, ते तुझी वहिनी धुरपता अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगते.

आपण दोघे सारखेच धुरकरी, शर्यतीत छकडा हाकणारे. बैल दुसऱ्याचे, छकडा दुसऱ्याचा आणि जिंकलेला फेटा मालकाच्या डोक्यावर. आपले फक्त हात. शंकरपटाचा हंगाम आला की जो बोलावेल त्याची जोडी हाकायला या गावाहून त्या गावाला जायचं. तरी मला कधी कंटाळा आला नाही. बैलाच्या डोक्यात नेमकं काय चालतं, हे मला अजून कळलेलं नाही, आणि ते कळावं म्हणूनच मी हा धंदा सोडला नसावा.

मागच्या पौषात गिरडच्या पटात काय झालं, ते तुला आठवत असेलच. नागपूरला जाऊन बौद्ध दीक्षा घेतल्यानंतरचा माझा तो पहिला पट. सुटण्याआधी धुरकऱ्याने आपल्या चाकासमोर नारळ फोडायचा ही रीत. मी फोडला नाही. जोडीचे मालक अण्णाजी नाराज झाले, पण ती माझ्याशिवाय कुणाच्या हाताला बसत नव्हती, म्हणून त्यांनी तरीही मलाच हाकू दिली. शेजारी तू तुझा नारळ फोडलास मात्र, माझी जोडी झेंडा पडायच्या आधीच उधळली. बाद झालो. देव कोपला, असं लोक म्हणाले. तू बैलांना धरून आणलंस आणि म्हणालास, ‘गोमाजी, बैलाले काय माहीत तुहा धर्म?’ तिथून माझ्या डोक्यात किडा शिरला.

अण्णाजींची जोडी सांभाळायला माझ्याच गोठ्यात असायची. घरी आल्यावर गोठ्याजवळच्या दगडावर एक कवठ आपटून पाहिलं. पाखऱ्याचे कान ताठ झाले, लाल्या दाव्याला हिसके देऊ लागला. इतकी वर्षं मला वाटत होतं की ते माझ्या हाकेवर सुटतात, आणि ते तर माझ्याच नारळांवर सुटत होते. आता ते विसरायला कसं लावायचं? मग रोज त्यांच्या पुढ्यात कवठ फोडायचं आणि काहीच करायचं नाही, असं सुरू केलं. धुरपता कवठाच्या चटण्या वाटून वैतागली. ‘बैलाची परीक्षा घेऊन राह्यले, का माही?’ म्हणाली. दिवाळी उलटल्यावर एक दिवस कवठ फुटलं आणि दोघंही नुसते रवंथ करत राहिले. मला इतका आनंद झाला, की ते कवठ मी तिथेच गुळाशी खाऊन टाकलं.

परवा अण्णाजी आले होते. आवाज चढवला नाही त्यांनी. ‘तुह्या हाताले तोड नाई गोमाजी. पण पटवाले आइकत नाई, नारळ लागतेच म्हणते. काऊन अडून राह्यला तू?’ मी म्हटलं, हात तुमच्या कामाला आहेतच, पण दीक्षेत शब्द दिला आहे, नारळ फोडणार नाही. त्यांनी पाखऱ्याची पाठ चोळली आणि ते जोडी सोडून घेऊन गेले. फार वाईट वाटलं रे. रिकाम्या दावणीकडे अजून बघवत नाही. जोडी हाकायला त्यांनी तुला विचारलं आहे हे मला कळलं, आणि तू अजून हो म्हटलेलं नाहीस, हेही कळलं.

म्हणून हे पत्र. तू हो म्हण. माझ्यासाठी अडून बसू नकोस. तू नाही म्हटलंस तर दुसरा कुणी येईल, नारळ फोडेल, जोडी जागची हलणार नाही आणि तो तुतारीच्या काठीचा खिळा टोचून टोचून त्यांना रक्तबंबाळ करेल. नारळाऐवजी मी शिकवलेली त्यांची नवी खूण मी अण्णाजींनाही सांगितलेली नाही, तुला सांगतो. झेंडा वर गेला की पाखऱ्याच्या पुठ्ठ्यावर तळहात ठेव. त्याचा कान मागे वळला की तो तयार आहे असं समज. झेंडा पडला की हळूच ‘चाल गा’ म्हण, बस. मी येणार आहे, पट संपतो तिथे गर्दीत उभा राहीन. आजवर मी या दोघांच्या फक्त पाठी पाहिल्या. समोरून धावत येताना ते कसे दिसतात, ते मला एकदा बघायचं आहे.

तुझाच,
गोमाजी