मागे कोणी नाही

सोमवार, ३ नोव्हेंबर

आले एकदाची! दोन बॅगा, बुटांचे तीन जोड आणि ही नवी वही. शाळेतली खेळाच्या बाईंची नोकरी सोडून जंगलातल्या शर्यतीचं काम घेतलं म्हणून नातेवाइकांनी मला वेड्यात काढलंय. त्यांच्यातलं कुणी बस पकडायलाही धावत नाही, तेव्हा त्यांचं मत मी मनावर घेत नाही.

खोली बूटवाल्या काकांच्या दुकानावर आहे. जिना बाहेरून, लोखंडी. खाली दिवसभर हातोडीची टकटक चालते आणि खिडकीतून थेट जंगल दिसतं. शर्यत भरवणाऱ्या क्लबचे अध्यक्ष पेशाने दातांचे डॉक्टर. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता दातांकडे बघतात. नोंदणीच्या बाईंनी चार ठिकाणी सह्या घेतल्या, पण चहाला विचारलं नाही. गावातलं कुणी हे काम का करत नाही, असं मी विचारलं. शेपूट नेहमी बाहेरचंच असतं, म्हणाल्या.

शेपूट म्हणजे मी. एकवीस किलोमीटर सगळ्यांच्या मागे राहायचं, वाट दाखवायला झाडांना बांधलेल्या केशरी फिती सोडून गोळा करत यायचं आणि कुणी मागे राहत नाही ना, ते बघायचं.

छोट्याला फोन केला. आई गेल्यापासून हा माझा धाकटा भाऊ वर्षभर पलंगाला चिकटलाय, म्हणून त्याचं नाव मीच शर्यतीत घातलंय. कुरकुरला, की ताई, मी शेवटचा येईन. म्हटलं, ये की. शेवटचा आलास तरी तुझ्या मागे मी असेनच.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज डॉक्टरांबरोबर पूर्ण वाट चालले. आधी दाट जंगल, मग जुन्या लढाईचा माळ. खंदक गवताने भरलेत, पण पाय ठेवला की आत काहीतरी पोकळ लागतं. मधोमध एक टेकाड आहे आणि फोनला रेंज मिळते ती फक्त तिथेच. माळाच्या टोकाला मठाचे अवशेष. भिंती कमरेएवढ्या, पुढची कमान मात्र शाबूत आहे. दाराचा पत्ता नाही, दगडात बिजागरांची भोकं तेवढी उरलीत. कमान ओलांडली की उतार, आणि खाली गाव.

शेपटासाठी तीन नियम आहेत. कमानीत उभं राहून वॉकीटॉकीवर मोठ्याने सांगायचं, 'मागे कोणी नाही.' फिती सोडलेल्या वाटेवर परत जायचं नाही. आणि मागून हाक आली तर वळायचं नाही. मी हसले. मागे कोणी नसेल तर हाक मारणार कोण? डॉक्टर माझ्या दातांकडे बघत राहिले.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

गाव काही विरघळत नाही. दुकानात मी शिरले की गप्पा थांबतात. हॉटेलवाल्याने आज सुट्टे पैसे हातात न देता टेबलावर ठेवले. मी काय खरूज घेऊन आलेय?

बूटवाले काका तेवढे बोलतात, तेही तोंडात खिळे धरून. हरलेलं सैन्य मठाकडे पळालं होतं म्हणे. दाराशी एक साधू प्रत्येकाला विचारत होता, मागे कोणी आहे का? अगदी दमलेला, घाबरलेला एक शिपाई आत शिरला आणि नाही म्हणाला. दार लागलं. मागे चाळीस जण होते, जखमी, एकमेकांना धरून येणारे. सकाळी ते दाराबाहेरच सापडले. बोटांना नखं उरली नव्हती.

तेव्हापासून कुणीतरी दार लावत राहावं लागतं, म्हणाले काका. मग खिळे ठोकायला लागले. मला वाटतं, बाहेरच्यांना घाबरवायची यांची ही जुनी करमणूक असावी.

रविवार, ९ नोव्हेंबर

सरावासाठी एकटीच गेले, क्लबने सरावाला बांधलेल्या फिती सोडत. सकाळचे दहा, लख्ख ऊन. जंगलात काही नाही. माळावर आल्यावर मात्र मागे पावलं वाजायला लागली. मी थांबले की थांबत, पण एक पाऊल उशिराने. पोरांना वीस वर्षं धावायला शिकवलंय मी. दमलेल्या माणसाचं पाऊल मला कळतं. ती दमलेली पावलं होती आणि एका माणसाची नव्हती.

कमानीजवळ हाक आली. "थांबा." पुरुषाचा आवाज, अगदी विनवणीचा. मी वळले नाही. वॉकीटॉकीत ओरडले, मागे कोणी नाही. सगळं एकदम गप्प झालं. पक्षीसुद्धा.

सोमवार, १० नोव्हेंबर

शर्यतीच्या फिती बांधायला क्लबच्या दोन पोरींना घेऊन गेले. काल ज्या फांद्यांवरून मी फिती सोडल्या, त्याच फांद्यांवर कापडाच्या पट्ट्या बांधलेल्या. कडक, तपकिरी. जखमेला बांधतात तशा. गाठ माझ्यासारखीच, दुहेरी.

पोरी पट्ट्यांना हात न लावता शेजारच्या फांदीवर फीत बांधत गेल्या. त्यांना सवय आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सकाळी जिन्याच्या कठड्याला एक पट्टी. काल नव्हती. काकांनी बघितली, मान खाली घातली.

छोट्याला येऊ नकोस म्हणून सांगायला फोन केला. तो आज आठ किलोमीटर धावला होता. हसत होता. वर्षभरात पहिल्यांदा. मला बोलवेना. नवे बूट कोणते घेऊ, एवढंच विचारत राहिला आणि मी सांगत राहिले.

मी भित्री आहे. इथे तरी खरं लिहावं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

छोट्या आला. त्याचा नंबर २१४, सगळ्यांत शेवटचा. नोंदणीच्या बाईंनी तो स्वतः त्याच्या शर्टाला टाचला आणि पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, भाऊ का? मला ते हसू आवडलं नाही.

त्याला एकच सांगितलं, माझ्या नजरेआड जाऊ नकोस.

रविवार, १६ नोव्हेंबर, दुपार

नीट लिहायला हवं.

माळापर्यंत तो माझ्या पुढेच होता. तिथे बुटाची नाडी सुटली म्हणून खंदकाच्या कडेला वाकला. मी एक फीत सोडायला वळले, एवढंच. बघते तर तो पुढे, कमानीकडे पळतोय. पाठीवर २१४. मी त्याच्या मागे.

कमानीत पोचले तेव्हा मागून हाक आली. "ताई, थांब गं."

त्याचा आवाज. पण तो तर पुढे उतारावर दिसत होता. मला नियम माहीत होता. वळले नाही. बटण दाबलं आणि म्हणाले, मागे कोणी नाही.

सुटले दोनशे चौदा, पोचले दोनशे चौदा. टाळ्या वाजल्या.

तो आता माझ्या खोलीत खाटेवर बसलाय. बूट काढत नाही. चेहरा छोट्याचाच आहे. पाणी दिलं तर हातावर ओतून घेतलं. पाठीवरचा नंबर कागदाचा नाही — कापडाचा आहे, आकडे तपकिरी रंगात हाताने काढलेत —

बोटांना नखं नाहीत.

रविवार, संध्याकाळ

एकच विचारतो. दार लावलं का?

छोट्याला चाळीसदा फोन लावला. रेंज नाही. मी जिन्यावर बसलेय. आत जाणार नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर, सकाळी सहा

फोन आला. छोट्याचा. टेकाडावरून.

"ताई, फिती कुठे गेल्या? कुठूनही गेलो तरी त्या कमानीपाशीच येतो. तिथे दार आहे गं. रात्रभर वाजवतोय. कुणी उघडत नाही."

त्याच्या मागे कुणीतरी कण्हत होतं. मग फोन तुटला.

साडेसहा

डॉक्टरांच्या दारात गेले. म्हणाले, मोजणी जुळलीय, शोधायचं कुणाला? दार लावून घेतलं. नोंदणीच्या बाई फाटकापर्यंत आल्या. हळूच बोलल्या, "दर वर्षी एक बदलतो. आमच्यातला बदलू नये, एवढंच आम्ही बघतो."

मी त्यांच्या तोंडावर थुंकले. फितींचं पोतं घेतलंय. निघाले.

आठ

टेकाडावर कुणी नाही. त्याचा आवाज येतो, जवळून, दिसत मात्र नाही. तिथून कमानीपर्यंत फिती बांधत आले. गाठ बसत नाही — फितीकडे बघून ये, ओरडत राहिले — छोट्या, केशरी, केशरी बघ —

कमानीत

दिसला. लंगडतोय. एक बूट नाही.

त्याच्या मागे गवत हलतंय. वारा नाही. खंदकांतून उठताहेत, एकमेकांना धरून — घाई नाही त्यांना —

तो खाटेवरचा माझ्या मागून आलाय. कमानीच्या आत उभा आहे. हात असा धरलाय, की दार ओढायला तयार. विचारतो, मागे कोणी आहे का?

नाही म्हटलं की दार लागेल. गाव वाचेल.

छोट्या पन्नास पावलांवर.

चहासुद्धा विचारला नाही या गावाने.

कुणी मागे राहू नये, हे बघायला ठेवलंय मला. सांगितलं. ओरडून सांगितलं — आहेत, सगळे आहेत, उघडं ठेव —

ते आता पळताहेत. छोट्या सगळ्यांच्या पुढे. हसतोय. हात पुढे केलाय, मी धरला — थंड — त्याच्याही बोटांना नखं —