बारामतीच्या दुकानाचा मॅनेजर

४ ऑगस्ट, सोमवार

संभाजीनं आजपासून आमचं इंदापूरचं दुकान सोडलं. गुडघे गेले. वीस वर्षं माझ्या शेजारी गादीवर बसून साड्या दाखवल्या, जाताना माझ्या गळ्यात पडून रडला. मी रडलो नाही. सीनियर माणसानं रडू नये.

त्याच्या जागी नवा सेल्समन घ्यायचाय. आणि मोठी बातमी म्हणजे शेठ दसऱ्याच्या आत बारामतीला दुसरं दुकान उघडणार. सितारा साडी सेंटर, शाखा बारामती. अल्लाबक्षशेठ म्हणाले, "तितं भरवशाचं माणूस लागंल." म्हणताना ते माझ्याकडेच बघत होते. माझ्या मागे भिंतीवर घड्याळ आहे हे खरं, पण ते जूनपासून बंद आहे.

घरी सोनलला सांगितलं, आपण आता बारामतीला मॅनेजर. तिनं विचारलं, शेठ तसं म्हणाले का. बायकांना सगळं शब्दांत लागतं.

मुलाखती शेठची सून नौशीनभाभी आणि मी, दोघं मिळून घेणार. भाभी पुण्याला शिकल्यात. अनुभव मात्र माझा. आजपासून रोज डायरी लिहायची. मॅनेजर लोक लिहितात.

७ ऑगस्ट

दोन दिवस डायरी राहिली. कामाचा लोड.

भाभींनी व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला जाहिरात टाकली. एकोणीस अर्ज आले. मी लागलो तेव्हा अर्जबिर्ज नव्हता. शेठ म्हणाले बस, मी बसलो.

प्रश्न तयार केले. सोनलवर प्रॅक्टिस घेतली. तिला विचारलं, तुमचा वीक पॉइंट काय? ती म्हणाली, तुम्ही. आणि कुकर लावायला गेली. मुलाखतीचं गांभीर्य घरात कुणाला नाही.

११ ऑगस्ट, सोमवार. दुपारी ३

मुलाखती झाल्या. इस्त्रीचा शर्ट घालून भाभींच्या शेजारी बसलो. दहापैकी मार्क द्यायचे होते.

पहिला अजित. लोणी देवकरला कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो, कंटाळलाय. सहा फूट उंच, आवाज असा की काऊंटरवरच्या दोन बायका साड्या सोडून आमच्याकडे बघायला लागल्या. माझ्या आवाजाकडे असं कुणी बघत नाही, कारण माझा आवाज कामापुरता असतो. दोन मार्क. शेरा: उंची जास्त, खालच्या फळ्यांना अडचण.

मधले पंधरा-सोळा जण काही दम नसलेले. त्यातला मुन्ना मला एकदम आवडला. सुती कुठली आणि रेशमी कुठली हे त्याला ओळखता आलं नाही. मी काहीही बोललो तरी मान हलवत होता. एकदा प्रश्न विचारायच्या आधीच हलवली. नऊ मार्क. शेरा: शिकवता येईल. भाभींनी माझा कागद हातात घेऊन बराच वेळ वाचला. माझं अक्षर सुंदर आहे.

शेवटी प्रगती. काटेवाडीची, बी.कॉम. घरी भाजीपाला. कॉलेज करून आईबरोबर बारामतीच्या बाजारात भाजी विकायची. मी मुद्दाम अडकवायला विचारलं, नऊवारी साडी किती मीटर? म्हणाली, सव्वाआठच्या आसपास, पण तुमच्याकडं काही नऊवाऱ्या कमी भरतात का, बायका तक्रार करतात. मी हसलो. नंतर आत जाऊन मोबाईलवर बघितलं. सव्वाआठच्या आसपासच होतं.

चार मार्क. शेरा: उत्तर बरोबर, पण फार लवकर दिलं.

१३ ऑगस्ट

भाभींची आयडिया. म्हणे अजित आणि प्रगतीला अर्धा-अर्धा दिवस खऱ्या गिऱ्हाइकावर बघू. मुन्नाचं नाव त्यांनी घेतलंच नाही. मी घेतलं. त्या म्हणाल्या, चहा घ्या रामहरीभाऊ.

अजित सकाळी अर्धा तास थांबला, कंपनीतून फोन आला, शिफ्ट बदलून देतो म्हणाले, तो गेला. बरं झालं.

दुपारी प्रगती आली आणि नेमक्या प्रयागबाई आल्या. प्रयागबाई माझं गिऱ्हाईक. पाच वर्षं येतात, माझ्यापुढंच बसतात, पन्नास-साठ साड्या बघतात आणि "पुन्हा येते" म्हणून जातात. एवढा विश्वास दुसऱ्या कुठल्या सेल्समनवर कुणी टाकला नसेल. मी उठणार तेवढ्यात भाभींनी मला थांबवलं.

त्या मुलीनं एकही साडी काढली नाही. आधी खुर्ची आणली, कारण प्रयागबाईंना मांडी घालून बसवत नाही. (मला हे माहीत नव्हतं असं नाही. कधी विषय निघाला नाही.) मग पाणी दिलं. मग विचारलं, कुणाला घ्यायची? प्रयागबाई बोलायला लागल्या. सुनेचं डोहाळजेवण आहे, सून सावळी आहे, हिरवा तिला खुलत नाही पण हिरवाच घ्यावा लागतो. तिसरी साडी पसंत. वर स्वतःलाही एक घेतली.

मी स्पष्ट लिहितो. पाच वर्षं रान मी नांगरलं, ती ऐन सुगीला आली.

जाताना प्रयागबाई माझ्याजवळ थांबल्या. म्हणाल्या, "रामहरी, तू साड्या लई दावतूस. पर इचारत काय न्हाईस."

लई दावतो, हे त्यांनी मान्य केलं.

१६ ऑगस्ट

प्रगतीला घेतलं. माझं मत विचारलं तेव्हा मी व्यक्तिगत काही बोललो नाही, फक्त सोयीचं बोललो. शेठना बाजूला घेऊन सांगितलं, मुलगी चांगली आहे, पण काटेवाडीहून इंदापूर म्हणजे रोजची एस.टी., पावसापाण्याचं लांब पडतं, टिकायची नाही. मी तीनदा सांगितलं. शेठ विचारात पडले. म्हणाले, "व्हय, ह्ये मात्र तू बरोबर बोललास." ही गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली याचं समाधान आहे.

तिला आपण ट्रेनिंग देऊ. कडक.

३० ऑगस्ट, शनिवार. जेवणाच्या सुट्टीत

उद्या गौरी येणार. दुकानात उभं राहायला जागा नाही.

प्रगतीला मी ट्रेनिंगसाठी आतल्या बाजूला ब्लाऊजपीसच्या कपाटाशी ठेवलंय. तिथं उजेड कमी आहे, पण पाया तिथंच पक्का होतो. तर बायका आत जाऊन तिला शोधून बाहेर आणतात. आज सकाळपासून "ती काटेवाडीची पोरगी कुठं हाय" असं अकरा जणींनी विचारलं. अकरापैकी चार माझ्या जुन्या. मी मोजत नव्हतो, ते आपोआप लक्षात राहतं.

बाराव्या बाईला मी सांगितलं, प्रगती आज आली नाही. प्रगती तेव्हा माझ्या मागेच शिडीवर उभी होती.

ती खाली उतरली. बाई माझ्याकडे बघायला लागली, भाभी गल्ल्यावरून बघायला लागल्या. मला वाटलं आता ही बोलणार. ती त्या बाईला म्हणाली, "मी आत्ताच आले मावशी. भाऊंना दिसले नसंन."

मला हे आवडलं नाही. खोटं बोलणारी माणसं मला चालत नाहीत.

काल रात्री जेवण गेलं नाही म्हणून सोनल विचारत होती. जळतोय वगैरे काही नाही. ॲसिडिटी आहे. आज गोळी घेतली.

११ सप्टेंबर

पितृपक्ष चालू. नव्या कपड्याला कुणी हात लावत नाही, दुकान सामसूम. सुट्टी काढून सोनलला बारामतीला नेलं, आपलं नवं दुकान दाखवायला.

इंदापुरात आता बहुतेकांना कळलंय की मी चाललोय. स्टँडवरचा चहावाला, सलूनवाला, तहसीलमधले दोघं-तिघं. मीच सांगितलं. उगाच अफवा नकोत.

दुकान झकास. काचेचा दरवाजा. आत पेंटर रंग देत होता. त्यानं विचारलं, कोण पाहिजे? मी म्हणालो, मॅनेजर. तो म्हणाला, मॅडम काल येऊन गेल्या, फळ्यांची उंची कमी करायला सांगितली, बायकांना बसल्या जागेवरून दिसलं पाहिजे म्हणून.

मी मॅनेजर पाहिजे असं नाही, मीच मॅनेजर असं म्हणत होतो. आणि भाभींना तो मॅनेजर समजला. पेंटरच तो. मी सोनलला हे समजावून सांगितलं. तिनं विचारलं, भाभी काल दिवसभर इंदापुरातच गल्ल्यावर होत्या असं तुम्हीच म्हणालात ना?

परतीच्या एस.टी.त ती खिडकीशी बसली. बाहेर ऊस चांगला आलाय.

१८ सप्टेंबर

शेठनी सगळ्यांना बोलावलं. मी भाषण पाठ केलं होतं. सुरुवात "मी या विश्वासाला पात्र" अशी.

बारामती प्रगतीकडे.

शेठ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तूच म्हणालास रामहरी. काटेवाडीस्नं हितं यायला लांब पडतं. तितं जवळ हाय तिला. मला सुचलंच नसतं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग शेठ म्हणाले, तू हितंच बरा. याचा अर्थ माझ्याशिवाय इंदापूर चालत नाही. अर्थ स्पष्ट आहे. तरी आत जाऊन मी एकाच साडीची चारदा घडी घातली. चारही वेळा काठाला काठ जुळेना.

प्रगती मागून आली. म्हणाली, भाऊ, माल भरायचे हे चार दिवस तुम्ही या ना तिकडं. सुरतेचे व्यापारी आले की मला बोलायला जमणार नाही, तुम्ही कसे गाठोडं न सोडताच माल ओळखता. मी म्हणालो, बघतो, हितं कामं आहेत. ती बरं म्हणाली. मग गेली.

पितृपक्षात कसली कामं. पण आता शब्द गेला.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

बारामतीचं उद्घाटन. सगळे गेले. संभाजीसुद्धा काठी टेकत गेला. मला ताप होता. थर्मामीटरमध्ये आला नाही, पण आतला ताप असतो.

भाभींनी फोटो पाठवले. प्रयागबाई पहिलं गिऱ्हाईक. इंदापूर तालुक्यातून एवढ्या लांब गेली ती बाई. पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलीय.

फोटो मोठा करून बघितला. फळ्या खरंच बसल्या जागेवरून दिसतात.

९ ऑक्टोबर

दिवाळीची साडी. लग्न झाल्यापासून बावीस वर्षं सोनलची साडी मीच आणतो. घरी सेल्समन असताना तिला कशाला त्रास. दर वर्षी चॉकलेटी किंवा राखाडी, मळखाऊ आणि टिकाऊ. काल मी विचारलं, या वेळी चॉकलेटी आणू का राखाडी. ती म्हणाली, आणू नका, मी घेतली.

तिची आई सरुबाई आणि ती परवा एस.टी.नं बारामतीला गेल्या होत्या. मी दुकानात असताना. घरी आल्यावरही मला कळलं नाही.

साडी लिंबाच्या रंगाची आहे. तिनं नेसून दाखवली. मी सेल्समन म्हणून बोलायला तोंड उघडलं, की हा रंग उतरतो, आणि आरसा पुसून दिला. आरशासमोर ती बराच वेळ उभी होती. मी मागं होतो. तिच्याकडे बघताना मला वाटलं, या बाईला मी नीट ओळखतो का.

मी विचारलं, प्रगतीनं माझ्याबद्दल काय विचारलं. सोनल म्हणाली, तुमचं नाव निघालं न्हाय.

डायरी बंद करावी का याचा विचार चालू.

१३ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ११

इंदापुरात प्रगतीच्या जागी माणूस घ्यायचाय, दिवाळीच्या गर्दीच्या आत. आज मुलाखती. इस्त्रीचा शर्ट घालून लवकर आलो. आतल्या खोलीत दोनच खुर्च्या होत्या. एकीवर भाभी. दुसरीवर प्रगती, सकाळच्या गाडीनं मुद्दाम आलेली. मला बघून ती उठायला लागली. भाभी म्हणाल्या, बसा तुम्ही प्रगती. आणि मला म्हणाल्या, रामहरीभाऊ, बाहेर गिऱ्हाईक बघा.

बाहेर गिऱ्हाईक नव्हतं. दाराशी बाकावर मुलाखतीला आलेली सात-आठ माणसं ओळीनं बसली होती. पाय दुखत होते म्हणून कडेला मीही टेकलो.

शेजारच्या मुलीनं थोडं सरकून मला जागा केली. हातात फाईल, घामाघूम झालेली. हळूच म्हणाली, "काका, तुमचा नंबर कितवा?"

तिला सांगायला हवं होतं. बावीस वर्षं मी याच दुकानात आहे, गाठोडं न सोडता माल ओळखतो, सगळं. ती वाट बघत होती.

मी म्हणालो, "तुमच्यानंतर."