बाबांच्या वहीतला माझा बिटर्न

नीउ-व्हेनेप, रविवार, १८ एप्रिल २०२१

मनूनं आज फॅमिली ग्रुपवर बिटर्नचा फोटो टाकला. बिटर्न, तो लाजरा तपकिरी बगळा! माझी ही धाकटी बहीण, पक्ष्यांशी कधी देणंघेणं नाही, इंग्लंडमधल्या घराजवळच्या पाणथळ अभयारण्यात सहज फिरायला जाते काय, आणि समोर हा, चोच आभाळाकडे करून, बोरूच्या बनात बोरूच होऊन उभा. आणि मी? लॉकडाऊन लागल्यापासून दर रविवारी दुर्बीण घेऊन सायकल हाणत इथल्या दलदलीवर जाते. टिटव्या आणि बदकं. बस्स.

संध्याकाळी पुण्याहून बाबांचा व्हिडिओ कॉल. पक्ष्यांची वही उघडूनच बसलेले.

"मनूचा बिटर्न लिहिला बघ! तुला दिसला का गं कधी?"

"हो, आजच," मी म्हणाले. का म्हणाले?

"काय करत होता?"

"चोच आभाळाकडे करून उभा होता." मनूचाच पक्षी की हा!

बाबांनी चष्मा पुसला आणि मनूच्या ओळीच्या वर जागा करून माझं नाव लिहिलं. "थोरली ना तू."

पेनानं लिहिलं. वहीत ते पेन्सिल वापरतच नाहीत. म्हणतात, डोळ्यांनी पाहिलेलं खोडायची वेळ कशाला येईल?