सोनमची उंची

ऐरोली गाव,
शुक्रवार

तीर्थरूप पुतळाआक्कास धाकट्या कमळाकरचा वाकून नमस्कार. तिकडे मोऱ्याला तुझ्या घरी सगळे बरे ना? तुझा गुडघा कसा आहे? (मागल्या वेळी ‘अगदी बरा’ म्हणालीस, तेव्हाच मला शंका आली.) फोन केला असता, पण सून सुचिता स्वयंपाकघरातून सगळं ऐकते, म्हणून पत्र, आजच माणसाबरोबर पाठवतो.

आपल्या सोनमला, माझ्या नातीला, दोनदा ताप आला, लघवीला जळजळ झाली. डॉक्टरांनी किडनी तपासायला सांगितली. आपला मितेश, तिचा बाप, महाप्याला कामावर, सुचिता पावती करायला रांगेत, म्हणून पोरीला मांडीवर घेऊन लॅबमध्ये मीच बसलो. तिथली बाई सुई बाजूला ठेवून विचारते, ‘‘हिची हाइट किती, आजोबा? सहा वर्षांची वाटत नाय, मोठी दिसते.’’ आता तूच सांग, किडनीचा आणि उंचीचा संबंध काय? ही काय गणवेश शिवणार होती? मी ओळखलं, बाईची नजर बरी नाही. आपल्या घरात पोरांची खरी उंची परक्याला कधी कुणी सांगितली आहे? (आजी तर आपल्याला पाहुण्यांसमोर ताठ उभंसुद्धा राहू देत नसे.) वीतभर कमी करून शंभर सेंटिमीटर सांगून टाकली. तिनंही न मोजता लिहून घेतली, यावरून तिथला कारभार समज.

रिपोर्ट आला. आकडा नव्वदच्या वर हवा, तो ब्याऐंशी. घरात कुणाला जेवण जाईना. सोमवारी शिरेत औषध टोचून मोठी तपासणी ठरली. मला आधी रक्त बदलल्याचा संशय, मग मशिनचा, मग सुचिताच्या नव्या पाण्याच्या फिल्टरचा (तो मी गुपचूप बंद केला). काल जाब विचारायला गेलो, तर डॉक्टर म्हणाले, मुलांची किडनी किती काम करते ते रक्तातलं क्रिएटिनिन आणि उंची, दोन्ही धरून काढतात. उंची कमी लिहिली की आकडाही कमी येतो. मी चहासुद्धा न पिता परतलो.

तेव्हा आक्का, पोरीची उंची पुन्हा मोजा, असं तूच सुचिताला सांग. माझं नाव घेऊ नकोस.

तुझा,
कमळाकर

ता. क. : पाकीट चिकटवत होतो, तर सोनम हात पुढे करून म्हणाली, ‘‘आजोबा, सोमवारी परत टोचनार?’’ मग मला राहवेना. सुचिताला सगळं सांगितलं. तिनं पोरीला भिंतीशी उभी करून टेपनं मोजली. एकशे अठरा. डॉक्टरांनी फोनवरच हिशोब केला, सत्त्याण्णव! मोठी तपासणी रद्द. सुचिता रडली, मीही रडलो.

ता. क. दुसरा : डोळे पुसून सुचिता म्हणाली, ‘‘बाबा, आता तुमचे रिपोर्टपन परत बघते.’’ माझं खरं वय किती आणि मोऱ्याला आलो की मी किती घेतो, हे ती उद्या तुला फोन करून विचारणार आहे. दोन्ही आकडे कमी करून सांग.