पिवळी सोंगटी

आण्णा, काल माझ्या घरी तो खुनी शोधायचा खेळ पुन्हा मांडला होता. तुम्ही आणलेला नव्हे, तो गावाकडच्या ट्रंकेत वाळवीनं कधीच खाल्ला. हा नवा, माझ्या लेकानं मागवलेला. पट गुळगुळीत आहे, सोंगट्या जड आहेत. पण सहा रंग तेच, आणि त्यात पिवळाही आहे. सोंगट्या वाटताना तो माझ्या हातात आला आणि मी तो परत डब्यात टाकला. लेक म्हणाला, "आई, पिवळ्यानं तुझं काय वाकडं केलंय?" मी हसले. त्याला सांगण्यासारखं नव्हतं. तुम्हाला सांगते.

तुम्ही पलटणीतून सुट्टीवर येताना कॅन्टीनमधून तो खोका आणला, तेव्हा रहिमतपूरच्या आपल्या घरात असला खेळ कुणी पाहिलाही नव्हता. नियम इंग्रजीत होते. तुम्ही सोप्यात मांडी घालून ते आम्हाला समजावून सांगितलेत. कुणी मारलं, कुठल्या खोलीत मारलं आणि कशानं मारलं, याचे तीन पत्ते न बघता पाकिटात घालायचे. बाकीचे वाटून घ्यायचे आणि एकमेकांना विचारत विचारत पाकिटातले तीन ओळखायचे. प्रत्येकानं एका रंगाची सोंगटी घ्यायची, आणि खुनी त्या सोंगट्यांतलाच एक. आई चुलीपासून ओरडायची, "देवाधर्माच्या दिवशी कसलं खुनाखुनीचं खेळताय रं?" आणि आत्ती, तुमची धाकटी बहीण, तिचं लग्न व्हायचं होतं तेव्हा, ती तर खेळापेक्षा पटावर काढलेल्या त्या परक्या घराचंच नवल करत बसायची. "दादा, नाचायला येगळी खोली? मग झोपत्यात कुठं ही माणसं?" पितळी मेणबत्तीच्या दांड्याला ती समई म्हणायची. "समईनं कोण मारतं व्हय? सगळं त्याल सांडंल की." तिला पत्ते लपवता यायचे नाहीत. ती हातातले पत्ते असे धरायची की मी आणि माझा भाऊ दोन्ही बाजूंनी वाचायचो. जिंकायचे नेहमी तुम्हीच. कुणी विचारताना क्षणभर थांबलं, कुणी एका खोलीचं नाव टाळलं, एवढ्यावरून तुम्ही ओळखायचात. तुमच्या चेहऱ्यावर मात्र काही उमटायचं नाही.

तिला सांगलीकडं दिलं. उसाचं घर, बागायत, नदीकाठची काळी जमीन. लग्नानंतरच्या दुसऱ्या पंचमीला ती माहेरी आली, ती पंचमी मला जशीच्या तशी दिसते. झाडाला झोका बांधलाय, शेजारणी बोलवायला येतायत, आणि आत्ती बाहेर पडत नाही. तिच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा चट्टा आहे. "गुऱ्हाळात काकवी उडाली," ती म्हणते. आई भाकरी थापता थापता थांबते. "श्रावणात कुठलं गं गुऱ्हाळ?" पावसाळ्यात गुऱ्हाळं बंद असतात हे मला तेव्हाही ठाऊक होतं, तुम्हाला ठाऊक नसेल असं कसं म्हणू? तुम्ही पत्ते पिसत होतात. पिसतच राहिलात.

मग मामा, आत्तीचे यजमान, तिला न्यायला आले. पांढरी टोपी, गोड बोलणं, येताना आम्हा पोरांना फुटाणे. तुम्ही त्यांनाही खेळायला बसवलंत आणि रंग निवडायला सांगितलंत. त्यांनी पिवळी सोंगटी उचलली. त्या दिवशी आत्तीनं पत्ते नीट छातीशी धरले होते. मला एकही दिसला नाही. तिची पाळी आली तशी पटाकडं न बघता, तुमच्याकडं बघत म्हणाली, "दादा, मी सांगती. पिवळा. सैपाकघरात. समईनं."

मामा मोठ्यानं हसले. "बघा पाव्हणं, बहीण तुमची, नवऱ्याला फासावर चढवाय निघाली!" तुम्हीही हसलात. पाकीट उघडायचं होतं, तुम्ही त्यावर हात ठेवलात. "पाव्हण्यांचं नाव घ्यायचं न्हाई," म्हणालात. "खेळातबी न्हाई. दुसऱ्या कुणाचं घे."

"दुसरं कुणी न्हाई, दादा."

"मग ऱ्हाऊ दे." तुम्ही पट मिटलात आणि आईला चहा टाकायला सांगितलंत. जेवणं झाल्यावर आईनं तिची ओटी भरली. ती ओटी घेताना तिच्या मनगटावरून बांगड्या मागं सरकल्या आणि चट्टा सगळ्यांना दिसला. गाडीत बसताना ती रडली नाही. संध्याकाळी भावानं गुपचूप पाकीट उघडलं. आत पिवळा होता, स्वयंपाकघर होतं, पण समई नव्हती, दोरी होती. "आत्ती हरली," तो मला म्हणाला. खेळाच्या नियमानं खरंच ती हरलीच होती.

दिवाळीच्या आधी निरोप आला की स्टोव्हचा भडका उडाला. सांगलीच्या दवाखान्यात आपण पोचलो तेव्हा तिला पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं होतं. मी आईचा पदर धरून व्हरांड्यात उभी होते. जबाब घ्यायला आलेल्या हवालदारानं तुम्हाला विचारलं, कुणावर संशय? तुमचा तो चेहरा मी ओळखत होते. खेळताना सगळं समजलेलं असायचं, तेव्हा तो असाच असायचा. तुम्ही म्हणालात, "न्हाई. आमचा कुणावर संशय न्हाई." परतताना एसटीत आई तुम्हाला एकच वाक्य बोलली, "तुमाला समदं कळलं हुतं." तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "घरात लेक हाय माझी. पोलीस-कोर्टाचं घर म्हणून नाव झालं तर तिला कोण करून घेईल?"

ती लेक मी. मला चांगलं घर मिळालं, आण्णा. माणसं भली आहेत, नवऱ्यानं कधी आवाज चढवला नाही. तुम्ही जे वाचवायला गेलात ते वाचलं. एवढी वर्षं मला तुमच्यावर धड रागावता आलं नाही ते याच्यामुळं. रागावायला गेले की वाटतं, मी तुमच्या त्या 'न्हाई'वरच संसार थाटलाय.

आता मी आत्ती आहे. भावाची मुलगी सांगलीत दिलीय, ती गेल्या आठवड्यात वडिलांकडं न जाता थेट माझ्याकडं आली. दंडावर बोटांचे वळ आहेत. "दार लागलं," म्हणाली. मी दोन दिवस काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं आपणहून सगळं सांगितलं, मला इथं लिहवत नाही. काल जरा हसावी म्हणून लेकानं खेळ मांडला. ती पहिल्याच डावात जिंकत आली होती, आणि दारात भाऊ उभा, मागं जावई, हातात कंदी पेढे.

"झालं की आठ दिवस," भाऊ म्हणाला. "पाव्हणं स्वतः आल्यात न्यायला. चूक झाली म्हणत्यात. काय गं, बॅग भर."

पोरगी उठली. खरंच उठली, आण्णा, आणि बॅग शोधू लागली. तेव्हा मी जावयाकडं बघून म्हणाले, "तुम्ही हिला मारता. ती येणार नाही. उद्या आम्ही दोघी पोलिसात जाणार आहोत, आणि मी तुमचं नाव सांगणार आहे."

जावई पेढ्यांचा पुडा तसाच धरून भावाकडं बघायला लागला. भाऊ आधी लाल झाला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "लोक काय म्हणतील याचा तरी इचार कर. तू कोण ठरवणार?"

"तिची आत्ती."

ते दोघं गेले. पोरगी बॅग मांडीवर घेऊन बसून राहिली, मग तशीच झोपली. आज सकाळी ती उठायच्या आत मी हे लिहायला बसलेय. हे कुठं पाठवायचं नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं. थोड्या वेळानं आम्ही निघू. पण त्याआधी एक सांगायचं राहिलंय. जाताना भावानं जिन्यात वळून मला विचारलं होतं, "आण्णा समोर बसले असते, तरी एवढं बोलली असतीस का?" पोरगी ऐकत होती, म्हणून मी ठामपणे हो म्हणाले. ते खोटं होतं, आण्णा. तुम्ही समोर असता तर मी चहा टाकायला आत गेले असते.